पाऊस लागला की नेटवर्क १०० वर का उतरतं? जुन्याच केबलवर २.५ गिगाबिट चालवताना

संगणक चालू, इंटरनेट चालू, मेल येतात-जातात. पण सर्व्हरवरचं मोठं ड्रॉइंग उघडायला घ्यावं तर चहा पिऊन होतो तरी ते उघडत नाही. कुणीतरी भिंतीतल्या सॉकेटातली केबल काढून परत घालतं आणि सगळं पूर्ववत धावू लागतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. मग ऑफिसात रिवाजच पडतो: ‘स्लो झालं? केबल काढून घाल.’

तुमच्याकडे हे होत असेल, त्यातही ते पावसाळ्यात वाढत असेल, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे. मी गोव्यातल्या फोंड्याचा. लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणं हे माझं रोजचं काम. हा त्रास मी बऱ्याच ठिकाणी पाहिला, पण त्याच्या मुळाशी जायला मला पणजीतल्या एका ऑफिसाने भाग पाडलं.

पणजीच्या मळा भागातलं जुनं घर, चिऱ्याच्या दीड-दोन फूट जाड भिंती, वर मंगळुरी कौलं. आत एका आर्किटेक्ट मॅडमचं ऑफिस. एकूण १८ पॉइंट (केबलची सॉकेटं), २०१२ साली भिंतीतून पाइप टाकून ओढलेली केबल. जॅकेटवर ‘कॅट ५ई, २४ एडब्ल्यूजी’ (केबलची प्रत आणि तारेची जाडी) असं स्वच्छ छापलेलं. रॅकमध्ये इतकी वर्षं १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे गिगाबिटचा दहावा भाग) स्विच होता, सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा. ड्रॉइंगं मोठी होत गेली, थ्रीडी मॉडेलं आली, सगळं सर्व्हरवर ठेवायचं ठरलं आणि मॅडमनी वेग वाढवायला सांगितला. अट एकच: भिंतींना हात लावायचा नाही. घरमालक त्याला तयार नव्हता आणि मलाही ते पटलं. त्या भिंती फोडून पुन्हा पूर्वीसारख्या करणारा गवंडी आता सहज मिळत नाही.

जुन्या केबलवर जास्त वेग चालेल का, अशी शंका बऱ्याच जणांना असते. चालतो, आणि तो नियमात बसूनच चालतो. आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने सप्टेंबर २०१६मध्ये ८०२.३बीझेड हे मानक मंजूर केलं, ते मुळी यासाठीच. २.५ गिगाबिटला कॅट ५ई १०० मीटरपर्यंत पुरते, ५ गिगाबिटसाठी त्याच अंतराला कॅट ६ लागते. एक गिगाबिटमध्ये केबलमधल्या पिळलेल्या तारांच्या चारही जोड्यांवरून, प्रत्येकीवर, सेकंदाला १२.५ कोटी चिन्हं जातात. १० गिगाबिटमध्ये तीच संख्या ८० कोटी होते आणि तिथे कॅट ५ई हात टेकते. २.५ गिगाबिट म्हणजे तेच १० गिगाबिटचं तंत्र पाव वेगाने चालवलेलं, २० कोटी चिन्हं आणि सोबत चुका दुरुस्त करण्याची तगडी सोय. कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते आणि २.५ गिगाबिटला तेवढंच लागतं. त्यामुळे केबल खरी असेल आणि तिची टोकं नीट असतील तर ती हा भार आरामात पेलते.

‘टोकं नीट असतील तर’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

१०० म्हणजे ‘स्लो’ नव्हे

फेब्रुवारीत नवा स्विच बसवला. १८पैकी १५ पॉइंट पहिल्याच दिवशी २.५वर आले. उरलेले तीन १००वरच राहिले.

इथे एक गोष्ट शांतपणे समजून घेतली की पुढचं निम्मं काम सोपं होतं. लिंक (केबलच्या दोन टोकांच्या यंत्रांमधला दुवा) १००वर आली म्हणजे केबल ‘थोडी कमजोर’ आहे असं नसतं. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात: १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या, म्हणजे नारिंगी आणि हिरवी. वेग किती ठेवायचा याची दोन यंत्रांतली बोलणीही याच दोन जोड्यांवरून होतात. त्यात दोघं ‘मला २.५ येतं, तुलाही येतं’ असं ठरवतात, चारही जोड्यांवर लिंक उभी करायला जातात आणि तिथे निळी किंवा तपकिरी जोडी साथ देत नाही. दोन-चार प्रयत्न फसले की यंत्र निमूटपणे १००वर उतरतं. म्हणून १०० दिसलं की मी सर्वांत आधी ४-५ आणि ७-८ या पिनांकडे बघतो. नारिंगी किंवा हिरवी तुटली असती तर लिंकच आली नसती. रंगांची मांडणी ‘ए’ पद्धतीची असो वा ‘बी’, निळी आणि तपकिरी दोन्हींत त्याच जागी असतात. त्यामुळे हा नियम दोन्हीकडे लागू पडतो.

विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडलंत की ‘लिंक स्पीड’ दिसतो. लिनक्सवर इथटूल ही आज्ञा तेच सांगते. ‘इंटरनेट स्लो आहे’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा तो आकडा वाचा. बाकी सगळं नंतर.

तर ते तीन पॉइंट. दोन ठिकाणी फेसप्लेट (सॉकेटवरचं झाकण) उघडली तर निळी जोडी जॅकमध्ये, म्हणजे प्लग बसतो त्या भागात, नव्हतीच, ती बाजूने निघून इंटरकॉमच्या फोनला गेलेली! २०१२ साली बसवणाऱ्याने चूक केली असं मी म्हणणार नाही. १०० एमबीपीएसच्या काळात दोन जोड्या रिकाम्याच असत आणि एकाच केबलमधून डेटा व टेलिफोन दोन्ही नेणं सर्रास चाले. जुन्या ऑफिसांत हे इतक्या वेळा सापडतं की स्विच विकत घेण्याआधीच मी आता विचारतो, ‘टेबलावरचे फोन कुठल्या वायरवर आहेत?’ तिथे फोनसाठी केसिंग पट्टीतून वेगळी बारीक वायर नेली आणि निळी जोडी परत जॅकमध्ये पंच केली, म्हणजे दाबून बसवली. तिसऱ्या पॉइंटची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

मार्च, एप्रिल, मे. १७ पॉइंट २.५वर. मॅडम खूश, मीही.

जून

पहिला जोराचा पाऊस होऊन आठवडा झाला असेल. अकाउंट्सच्या काकींचा फोन आला: ‘टॅली उघडत नाही हो, पण केबल काढून घातली की उघडतं.’ नंतर आणखी एक टेबल, मग वायफायचा एक अॅक्सेस पॉइंट, मग दुसरा. जून संपेपर्यंत पाच पॉइंट आळीपाळीने १००वर पडत होते.

पहिले पंधरा दिवस मी चुकीच्या जागी शोधत राहिलो. आधी नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर बदलले. वीज वाचवणारं ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ बंद केलं. काही २.५च्या कार्डांत त्यामुळे लिंक खरंच हेलकावते, तेव्हा ते करून पाहण्यात तोटा नाही. पण इथे फरक पडला नाही. स्विचचे पोर्ट अदलाबदल केले. माळ्यावर कौलांखाली केबल तापत असेल असंही वाटलं, कारण तापमान वाढलं की तांब्यातली सिग्नलची घट वाढतेच. पण इथली सर्वांत लांब केबल ४० मीटरची, आणि माळा तापतो तो मेमध्ये, जूनमध्ये नव्हे.

मग एक वही घेतली. तारीख, वेळ, पॉइंट नंबर, लिंक स्पीड, बाहेर पाऊस आहे की नाही, एसी चालू की बंद. ऑफिसातल्या एका मुलाने ती रोज सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता मनापासून भरली. दहा दिवसांत चित्र उभं राहिलं: पाचही पॉइंट एकाच भिंतीवरचे, पश्चिमेच्या. पावसाचा मारा झेलणारी ती भिंत. आणि जवळजवळ सगळ्या नोंदी एसी दोन-तीन तास चालल्यानंतरच्या, दुपारच्या.

काढून घातल्यावर लिंक परत येते याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला. भिंतीतली केबल मध्येच कुठे तुटली असती तर प्लग हलवून ती जोडली गेली नसती. प्लग घालताना पिना एकमेकींवर घासतात, तेवढ्यापुरता वरचा थर खरवडला जातो आणि संपर्क सुधारतो. म्हणजे रोग संपर्काच्या जागी आहे. लोक ज्याला उपाय समजत होते, ते खरं तर निदान होतं.

अकाउंट्सच्या टेबलामागचा ६ नंबरचा बॉक्स उघडला. फेसप्लेट सैल केली तेव्हा आतल्या बाजूला हाताला गारवा लागला आणि बोटं ओली झाली. भिंतीतल्या लोखंडी डब्याच्या तळाशी गंजाचं लालसर पाणी साचलेलं. जॅकच्या मागे, जिथे बारीक पाती वायरचं आवरण कापून तांब्याला पकडते, तिथे निळ्या जोडीवर हिरवट लेप. मी ती वायर चिमट्याने ओढली तर ती विशेष जोर न लावता हातात आली. आवरण दोन सेंटिमीटर सोललं तरी आतलं तांबं काळपटच. ओल केशिकेसारखी आवरणाच्या आत चढत गेली होती. चार सेंटिमीटर कापल्यावर लखलखीत तांबं दिसलं आणि मला हायसं वाटलं. तेवढीच वायर खराब, पुढची सगळी बारा वर्षांनंतरही नवीसारखी.

पाणी आलं कुठून? भिंत पाझरत असेल असं सगळ्यांना वाटलं. चिरा ओल धरतो हे खरं, पण मुख्य वाट दुसरीच होती. या पाइपांची तोंडं माळ्यावर उघडी. जुलैत बाहेरची हवा २९ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर तिचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे २७ अंशांहून थंड कुठल्याही वस्तूवर तिचं पाणी होणार. खोलीत एसी २४वर. माळ्यावरची दमट हवा पाइपातून खाली सरकते, गार पडलेल्या जॅकला लागते आणि तिथेच दव धरतं. थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो तसंच. त्यात मांडवीच्या मुखावरून येणारी खारी हवा.

दोन्ही अॅक्सेस पॉइंटांच्या सॉकेटांत तर आणखी स्पष्ट खूण होती. आठ पिनांपैकी सहा पिवळ्याधमक आणि ४ व ५ तेवढ्या काळ्या-हिरव्या. ते अॅक्सेस पॉइंट रॅकमधल्या इंजेक्टरवरून (डेटाच्याच केबलमधून वीज पाठवणाऱ्या डब्यावरून) वीज घेत होते, आणि असे इंजेक्टर बहुतेक ४-५वर धन व ७-८वर ऋण भार देतात. ओलावा आणि एकाच दिशेची वीज एकत्र आली की धन पिनेवरचा धातू झिजत जातो. मुलामा द्यायला जे तत्त्व वापरतात तेच इथे उलट्या कामाला लागतं. आणि झिजतात त्या नेमक्या निळ्या जोडीच्या पिना. म्हणून लिंक १००वर!

(तुमचा इंजेक्टर फार जुना, साधा असेल तर निळी-तपकिरी तो फक्त विजेसाठी वापरतो आणि डेटा त्यांवरून जाऊच देत नाही. तिथे पिना कितीही साफ केल्या तरी १००च्या वर काही येणार नाही. इंजेक्टर बदलावा लागेल.)

काय केलं

सगळ्यात आधी पाइपांची तोंडं बंद केली, माळ्यावरचीही आणि डब्यातलीही. त्यासाठी डक्ट बुजवायची मऊ पुट्टी चांगली, पुढे-मागे काढता येते. सिलिकॉन वापरणार असाल तर न्यूट्रल प्रकारचंच घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन तांब्याजवळ नकोच, त्यातून निघणारं अॅसिड तांबं खातं. ही चूक मी स्वतः एका जुन्या कामात केली आहे.

जॅक साफ करत बसलो नाही, पाचही नवे घातले. संपर्क साफ करायचा स्प्रे मारून गंजलेला जॅक महिनाभर चालतो आणि मग पुन्हा फोन येतो. वायर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापली, पंच करताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू दिला नाही. २.५वर याचा फरक पडतो, १००वर पडत नव्हता, म्हणून जुन्या हातांना ती सवय नसते. दोन ठिकाणी मागे कापायला वायरच शिल्लक नव्हती, बसवणाऱ्याने बोटभरही जादा ठेवली नव्हती. तिथे भिंतीतला डबा सोडून दिला आणि त्याच्या दीड वीत वर, भिंतीच्या बाहेर बसणारा प्लास्टिकचा बॉक्स लावला. तेवढ्याने केबल पुरली आणि जॅक ओल्या चिऱ्यापासूनही सुटला. आता पश्चिमेच्या भिंतीवर मी सगळीकडे असाच बाहेरचा बॉक्स लावतो. दिसायला तो थोडा पुढे येतो, पण टिकतो.

अॅक्सेस पॉइंटांच्या जॅकमध्ये संपर्कासाठीची जेल भरली.

पॅच कॉर्ड, म्हणजे सॉकेटापासून यंत्रापर्यंतच्या सुट्या केबली, एकजात बदलल्या. टेबलाखालच्या निम्म्या कॉर्ड भिंतीतल्याच जाड वायरला प्लग मारून हाताने केलेल्या होत्या. खुर्चीच्या चाकाने दोनदा दाबल्या की आतली एकसंध तार तुटते. कंपनीत तयार झालेली, बारीक तारांची कॉर्ड घ्या. सगळ्या कामात खर्च सर्वांत कमी याचाच आणि गुण सर्वांत जास्त.

मल्टिमीटरने जोडी तपासायची रीत

आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर सगळ्यांकडे असतो. आठही दिवे ओळीने लागले की आपण केबलला पास करतो. पण तो दिवा लागायला नावापुरता संपर्कही पुरतो, गंजलेल्या पिनेवरही तो लागतो. जोड्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणजे पिना सरळ पोचतात पण एका पीळातल्या दोन तारा दोन वेगळ्या जोड्यांत गेल्या आहेत, तर तेही त्याला कळत नाही. महागडा सर्टिफायर (केबल मानकात बसते का हे मोजणारं यंत्र) माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही बहुधा नसेल. साधा मल्टिमीटर मात्र खूप काही सांगतो.

केबल दोन्हीकडून सोडवा. त्यावर इंजेक्टरची किंवा टेलिफोनची वीज नाही याची आधी खात्री करा. एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवा, दुसऱ्या टोकाला त्या दोन तारांमधला रोध मोजा. २४ गेजचं शुद्ध तांबं असेल तर जाऊन-येऊन १०० मीटरला साधारण १७ ओम येतात, ४० मीटरला ७च्या आत-बाहेर. चारही जोड्या मोजा आणि आकडे शेजारी शेजारी लिहा. ते जवळजवळ सारखे हवेत. ६ नंबरवर दुरुस्तीपूर्वी नारिंगी, हिरवी आणि तपकिरी साडेपाच-सहाच्या दरम्यान होत्या आणि निळी १४, शिवाय जॅकवर बोट दाबलं की आकडा नाचायचा. नवा जॅक पंच केल्यावर निळीही ५.८. या एका आकड्याने मॅडमना जेवढी खात्री पटली तेवढी माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने पटली नव्हती.

चारही जोड्या सारख्याच पण सगळ्याच जास्त, असं दिसलं तर अॅल्युमिनियमचा संशय घ्या. तो तिसरा पॉइंट असाच होता. ऑफिस वाढलं तेव्हा कुणीतरी मागून ओढलेली स्वस्त केबल, वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम. तार ब्लेडने खरवडली की आत रुपेरी दिसते. अशी केबल चार-दोनदा वाकवली की तुटते, रोध दीडपटीहून जास्त, आणि तिच्यावरून अॅक्सेस पॉइंटला वीज न्यायची म्हणजे तापण्याची भीती. जुनी केबल जपा असं मी आतापर्यंत सांगत आलो, पण हिला जपायचं कारण नाही. ती काढून टाकली, आणि त्याच पाइपातून तिच्याच शेपटीला बांधून नवी शुद्ध तांब्याची ओढून घेतली. भिंत फोडावी लागली नाही.

२.५वरून १००वर न पडता १ गिगाबिटवर थांबणारा पॉइंट असेल तर जोडी तुटलेली नसते, गोंगाट असतो. विजेची वायर त्याच केसिंगमधून गेली आहे का, प्लास्टिकच्या टायने जुडी करकचून आवळली आहे का, तेवढं बघा.

आवारातल्या मागच्या आउटहाउसला जाणारी उघड्यावरची तांब्याची केबल मात्र मी ठेवू दिली नाही. मेच्या अखेरीचा आणि ऑक्टोबरचा गडगडाट इथे नवा नाही. जवळपास वीज पडली की अशा केबलवरून धक्का आत येतो, आणि कधी कधी पोर्ट पूर्ण मरत नाही, त्याची एक जोडी तेवढी जाते. मग तो पोर्ट आयुष्यभर १०० दाखवतो आणि आपण केबल शोधत बसतो. असा संशय आला तर तीच केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टात घालून पाहा, दोन मिनिटांत उलगडा होतो. आउटहाउसला आता फायबर (तांब्याऐवजी काचेच्या तंतूची केबल) आहे.

सगळं झाल्यावर आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने मोजलं: २.३५ गिगाबिट. २.५च्या लिंकवर हातात तेवढंच पडतं. फाइल कॉपीला मात्र वेग त्याच्या निम्माच दिसत होता, तो सर्व्हरमधल्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. चालू कामांच्या फाइली एसएसडीवर हलवल्यावर तीही अडचण गेली.

हे काम गणेश चवथीच्या आठ दिवस आधी संपलं. त्यानंतरचा एक पावसाळा पूर्ण गेला, वहीतल्या नोंदी चालू आहेत. १८पैकी १७ पॉइंट कायम २.५वर. ११ नंबरचा एक राहिला आहे. तो ऑगस्टमध्ये दोनदा १००वर आला, त्याच्या पाइपाचं वरचं तोंड कौलांच्या वळचणीत इतकं आत आहे की हात पोचत नाही. आता त्या बाजूची चार कौलं उतरवून तिथे पुट्टी भरायची आहे.